क्रॉस-कंट्री माउंटन बाइक रेसर होणं : आपल्या सीमाभागातल्या पोरांची वाट

येळ्ळूरवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आपल्या बेळगावजवळ राजहंसगडाच्या चढावर, राकसकोपच्या अंगाला, जांबोटी रस्त्यावर हल्ली सकाळी जाड टायरच्या सायकली घेऊन आठवी-नववीतली पोरं दिसतात. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर 2025 मध्ये निवृत्त झाला, त्याचे व्हिडिओ त्यांनी पारायण केल्यासारखे बघितलेत. आणि मग विचारतात, "काका, यात करिअर होतंय काय?"

माझं उत्तर, होतंय. पण घरचे आधी सायकलीच्या दुकानात जातात, तिथंच चुकतं असं मला वाटतं. या खेळात माणूस घडतो तो शर्यतींतून. चौदा ते अठरा या वयात पोरगं किती वेळा सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिलं, यावर पुढचं बरंचसं ठरतं. का, ते सांगतो.

ऑलिंपिकला असते ती क्रॉस-कंट्री शर्यत म्हणजे साधारण दीड तासाचा खेळ. चार-सहा किलोमीटरचा एक फेरा आणि तो पुन्हा पुन्हा मारायचा. त्यात उभा चढ, दगडांचा उतार, झाडांची मुळं, उड्या, सगळं आलं. सुरुवातीला आठ-आठच्या रांगा लागतात आणि कोण कितव्या रांगेत, हे आधीच्या शर्यतींत मिळवलेल्या गुणांवरून ठरतं. वर्ल्डकपमध्ये तर वीसेक मिनिटांची शॉर्ट ट्रॅक शर्यत आधी होते आणि पुढच्या रांगा तिच्या निकालावर लागतात. आता विचार करा, दोन-तीन मिनिटांत सगळे जण एका सायकलीपुरत्या अरुंद पायवाटेत शिरतात. पुढचा सुटला. मागच्याला पायउतार होऊन सायकल ढकलावी लागते, पायात कितीही ताकद असू दे. वर आणखी एक नियम : पहिला गडी सुरुवातीच्या फेरीला जेवढा वेळ घेतो, त्याच्या 80 टक्के वेळ तुम्ही मागे पडलात की पंच तुम्हाला बाहेर काढतात. बारा मिनिटांची फेरी असेल तर साडेनऊ मिनिटं. म्हणजे गुण नसलेल्याला मागची रांग, मागच्या रांगेतल्याला कोंडी, आणि कोंडीतला अर्ध्या शर्यतीतून बाहेर. हे चक्र तोडायचं तर लहान वयापासून शर्यती खेळायला हव्यात. दुसरी युक्ती नाही.

शुर्टरचंच बघा. 2004 मध्ये ज्युनिअर विश्वविजेता, 2009 मध्ये कॅनबेराला पहिल्यांदा मोठ्यांच्या गटात, आणि 2022 मध्ये ले जे इथं दहाव्यांदा. वर्ल्डकपच्या 36 शर्यती जिंकल्या. ऑलिंपिकला 2008 मध्ये कांस्य, 2012 मध्ये रौप्य, 2016 मध्ये सुवर्ण. पुस्तकात घालावी तशी चढती कमान दिसते, पण लंडनची ती 2012 ची शर्यत बघा. शेवटपर्यंत तो आणि चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी बरोबरीने. शेवटच्या वळणांवर कुल्हावी पुढे घुसला. 1 तास 29 मिनिटं 7 सेकंद त्याचे, 8 शुर्टरचे. एका सेकंदाने सुवर्ण गेलं आणि पुढची संधी चार वर्षांनी. ती चार वर्षं तो रोज सायकलवर बसला. पोरांना मी सुवर्णाआधी ही शर्यत दाखवतो.

त्याच शर्यतीत इटलीच्या मार्को फोंतानाचं सीट शेवटच्या फेरीत तुटून पडलं. तो उभ्यानेच सायकल हाणत आला आणि कांस्य घेऊन गेला!

तवंदी_निपाणी

चांगला धागा. माझा मुद्दा आपल्या भागाचा. पोरगं खेळणार कुठल्या राज्याकडून? आमच्याकडे निपाणीत निम्मे पाहुणे कागल-कोल्हापूरचे, शाळा मराठी, आधार कार्डावर कर्नाटक. घरात यावरूनच आधी वाद होतो. दोन्हीकडे धावपळ करणारे पालक मी बघितलेत आणि त्यांच्या पोरांचा मोसम कागदपत्रांत जातो.

माझं म्हणणं, जिथला पत्ता तिथली राज्य संघटना धरावी आणि मोकळं व्हावं. चंदगडच्या पोराने महाराष्ट्राकडून खेळावं, खानापूरच्याने कर्नाटकाकडून. सरावाला कुणी अडवत नाही. तिलारी आणि चोर्ला दोघांचेच आहेत. आणि सायकलिंगच्या बाबतीत आपण कर्नाटकात आहोत हे खरं सांगायचं तर सोयीचंच. विजापूर, बागलकोट, गदग हा पट्टा सायकलिंगचा बालेकिल्ला. सरकारी क्रीडा वसतिगृहं तिथं आहेत. राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धा 2021 मध्ये गदगजवळ झाली होती.

खानापूरकर_आई

मी कधी लिहीत नाही इथं, नुसती वाचते. आज लिहिते, कारण विषय माझ्या घरचा आहे. मुलगी नववीत. तालुक्याच्या शर्यतीत पहिली आली, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. वसतिगृहाची निवड चाचणी द्यायची म्हणते. तिचे बाबा नको म्हणतात. एकतर पोरगी लांब जाणार. दुसरं, तिकडं सगळं कानडीत आणि ती मराठी माध्यमातली. तिसरं, दहावी तोंडावर. आणि उद्या पडली, हात मोडला, तर पुढं काय? मला यातलं काही कळत नाही, पण तिचा चेहरा बघून नको म्हणवत नाही. अनुभवी माणसांनी सांगा.

टिळकवाडी_फिजिओ

ताई, पडण्याचं आधी सांगते, कारण ते माझं काम आहे. माउंटन बाइकमध्ये पडणं होतंच. खरचटणं, मनगट, खांदा आणि सगळ्यात जास्त गळ्याजवळचं हाड. ते बहुतेक वेळा नीट जुळतं. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकला 2021 च्या मे अखेरीस सरावात गाडीने धडक दिली, तेच हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. जुलैअखेर त्याने टोकिओत सुवर्ण जिंकलं. तो व्यावसायिक, त्याच्यामागे डॉक्टरांची फौज, त्यामुळे शाळकरी मुलीने त्याची घाई करायची नाही. पण हाड मोडलं म्हणजे खेळ संपला, ही भीती मनातून काढा. डोक्याला मार मात्र वेगळा. हेल्मेट नीट बसणारं हवं, एकदा जोरात आपटलं की बदलायचं, आणि मार लागल्यावर डोकं दुखत असेल, गरगरत असेल तर त्या दिवशी पुन्हा सायकल नाही म्हणजे नाही.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते आणि ती कुणी बोलत नाही. चढावर हलकं शरीर पळतं, म्हणून मुली जेवण तोडतात. कधी कोचच सांगतो, "वजन कमी कर." वाढीच्या वयात सराव दुप्पट आणि भाकरी निम्मी झाली की आधी पाळी अनियमित होते, मग थांबते. घरात वाटतं, खेळामुळे होत असेल. ते तसं सोडून द्यायचं नाही. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जायचंच, कारण त्याच काळात हाडं कमकुवत होत असतात. वर्षातून एकदोनदा हिमोग्लोबिन आणि लोह तपासा. खाण्यात आपलं घरचं पुष्कळ आहे : भाकरी, उसळी, अंडी, दूध, शेंगदाण्याची चटणी, सरावानंतर लगेच दोन केळी. डब्यांतल्या पावडरींवर पैसे घालवू नका.

येळ्ळूरवाट (धागाकर्ता)

फिजिओताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवं.

खानापूरच्या ताई, तुमच्या लेकीसाठी येनी रिस्वेड्सचं सांगतो. स्वीडनची. 2016 मध्ये रिओला 22 व्या वर्षी सुवर्ण. सगळ्यांना वाटलं, आता दहा वर्षं हिचीच. पुढच्याच वर्षी घरातली जवळची माणसं गेली, नैराश्य आलं, सायकल सुटली, मोठ्या संघाशी करार संपला. ती थांबली, उपचार घेतले. मग परत आली ती स्वतःचा छोटा संघ घेऊन. त्याचं नाव 'टीम 31'. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं एकतिसावं कलम मुलांच्या खेळण्याच्या आणि विश्रांतीच्या हक्काचं आहे, त्यावरून. 2019 मध्ये लेन्झरहाइडेचा वर्ल्डकप जिंकला, पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये कांस्य आणि 2025 मध्ये विश्वविजेती. सुवर्णानंतर नऊ वर्षांनी.

मला ही बाई शुर्टरपेक्षाही मोठी वाटते. कोणी काही म्हणो.

हे सांगायचं कारण, नववीतल्या मुलीचा एक मोसम दहावीमुळे गेला तर काहीही बिघडत नाही. जागतिक पातळीवर ज्युनिअर गट 17-18 चा, तेवीसखालचा गट 19 ते 22 चा, त्यानंतर मोठ्यांचा. तिच्याकडे वेळ आहे. दहावी होऊ द्या, पण शर्यती पूर्ण बंद करू नका. जवळपासच्या एक-दोन तरी खेळू द्या, नाहीतर वर्षभराने रेषेवर उभं राहताना पाय थरथरतात.

कानडीचं मनावर घेऊ नका. पोरं चार महिन्यांत बोलायला लागतात. बाजारात, बसमध्ये आपण निम्मं बोलतोच की. माझ्या ओळखीची मराठी माध्यमातली पोरं तिकडं राहिली आणि खोलीतल्या सोबत्यांकडून इतकी छान शिकली की आता घरी आईला हाका कानडीत मारतात.

उद्यमबाग_लेथ

सायकलीवर कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी.

मी खरादी काम करतो, पण गेली काही वर्षं पोरं सायकली घेऊन आमच्या शेडला येतात. धागाकर्ते दुकानाबद्दल म्हणाले ते सोळा आणे खरं. जागतिक पातळीवरच्या सायकली आठ-दहा लाखांच्या घरात. पुढे-मागे सस्पेन्शन, 29 इंची चाकं, वजन दहा-अकरा किलो, उतारावर बटण दाबलं की सीट खाली जाते. ते बघून पालक कर्ज काढायला निघतात. नका काढू. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल पुरे. पोराच्या उंचीला फ्रेम बरोबर हवी, ब्रेक डिस्कचे हवेत, पुढचा फोर्क हवेवर चालणारा मिळाला तर उत्तम. उरलेले पैसे शर्यतींच्या प्रवासाला ठेवा.

एकाच गोष्टीवर खर्च करा, टायर. ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, घाला. गदग-विजापूरकडं गेलात की बाभळीचे काटे. ट्यूब असेल तर एका फेरीत दोनदा पंक्चर. हवा किती, यावर पोरं भांडतात. रस्त्याच्या सवयीने 40-45 पीएसआय भरतात आणि जांभ्या दगडावर सायकल चेंडूसारखी उडते. पन्नास किलोच्या पोराला ट्यूबलेसमध्ये वीस-बावीस पुरे. टायर दगडावर दबला पाहिजे, मग पकड येते. अंगठ्याच्या अंदाजावर जाऊ नका, गेज घ्या.

पावसाळ्याचं वेगळं. आपली तांबडी माती चेनमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखं काम करते. पॅडलच्या मधलं बेअरिंग तर एका पावसात खलास होतंय. पोरं सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरच्या पाण्याने धुतात, ते पाणी थेट बेअरिंगात घुसतं. बादली, मऊ ब्रश, फडकं. चेन पुसून कोरडी करून एकेका कडीवर एक थेंब तेल, जादाचं पुसून टाकायचं. जो पोरगा हे स्वतःच्या हाताने करतो, त्याची सायकल शर्यतीत दगा देत नाही. आणि हे शिकायलाच हवं, कारण शर्यतीत ठरलेल्या मदत-जागेबाहेर कुणी हात लावू शकत नाही. पंक्चर झालं तर स्वतः काढा नाहीतर तसंच तिथवर जा.

येळ्ळूरवाट (धागाकर्ता)

लेथभाऊ, पॅरिसला नेमकं हेच झालं. पिडकॉक पुढे असताना मधल्या फेरीत पंक्चर. मदत-जागेपर्यंत तसाच गेला, चाक बदललं, तोवर पुढचे निघून गेलेले. माणसाने डोकं शांत ठेवलं, एकेकाला गाठलं आणि शेवटच्या फेरीत झाडीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला झाडाच्या दुसऱ्या बाजूने घुसून मागे टाकलं. कोरेत्स्की स्वतःच्या देशातल्या लोकांसमोर होता. तिसरा आला दक्षिण आफ्रिकेचा अ‍ॅलन हेदरली, जो पुढे 2024 आणि 2025 असं सलग दोनदा विश्वविजेता झाला. हेदरलीचं नाव पोरांनी वहीत लिहून ठेवावं. युरोपबाहेरचा पोरगा युरोपात जाऊन खेळला आणि वर गेला.

शहापूर_जुना

मंडळी, उत्साह चांगला आहे, पण मी थोडं कटू बोलतो, राग मानू नये. ऑलिंपिकला भारताचा सायकलपटू शेवटचा गेला तो 1964 मध्ये, टोकिओला. पॅरिसला माउंटन बाइकमध्ये पुरुषांत 36 आणि बायकांत 36 जागा होत्या, साऱ्या जगाला मिळून. या गणितात खानापूरच्या पोरीला आपण काय सांगतोय? व्यावसायिक म्हणजे ज्याचं पोट त्यावर चालतं. आपल्या देशात माउंटन बाइकवर पोट चालणारी माणसं किती? कुस्तीचं तसं नाही. बेळगावच्या मराठा सेंटरमुळे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे, आपल्याकडे कुस्तीतून फौजेत जायची वाट पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची आहे. सायकलिंगला ती वाट दाखवा, मग पोरांना पुढे ढकला.

येळ्ळूरवाट (धागाकर्ता)

शहापूरकर, राग कसला. हा प्रश्न आलाच पाहिजे होता.

युरोपात व्यावसायिक रेसर म्हणजे संघाशी करार, सायकल कंपनीचा पगार, मेकॅनिक, फिजिओ, वर्षाचं शर्यतींचं वेळापत्रक. शुर्टरच्या मागे थॉमस फ्रिशक्नेख्त हा संघ-व्यवस्थापक उभा होता, जो स्वतः 1996 च्या पहिल्या ऑलिंपिक माउंटन बाइक शर्यतीत रौप्य मिळवलेला. एका पिढीने दुसरीला हाताला धरून नेलं. आपल्याकडे ती साखळी अजून तयार व्हायची आहे, हे मान्य.

पण आपल्याकडची वाट वेगळी आहे आणि ती आहे. राष्ट्रीय स्पर्धेत पदक, त्यातून रेल्वे, सेनादल, पोलिस इथं खेळाडू कोट्यातली नोकरी, नोकरीत राहून सराव. कुस्तीत जी वाट म्हणता, तीच. पगार नोकरीचा, सायकल जिवाची. त्यातून कुणी आशियाई पातळीवर पोचला तर पुढचं दार उघडतं. ऑक्टोबर 2023 मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली, तिरुवनंतपुरमजवळ. तिथल्या विजेत्याच्या देशाला पॅरिसची जागा होती. ज्या सह्याद्रीत आपण सराव करतो, त्याच्याच दक्षिण टोकाला. हे आपल्या पोरांनी डोळ्यांनी बघायला हवं होतं, आणि आपण एक गाडी भरून नेली नाही याची मला आजही हळहळ वाटते.

आणि सायकलपटूचं माउंटन बाइकवर अडतं असंही नाही. फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो पॅरिसला माउंटन बाइकचं सुवर्ण जिंकली आणि पुढच्याच वर्षी, 2025 मध्ये, रस्त्यावरची महिलांची तूर द फ्रान्स. डोंगरात शिकलेलं सायकल सांभाळणं रस्त्यावर कामी येतं. आपल्या वसतिगृहांतूनही पोरं रस्ता, ट्रॅक, माउंटन तिन्ही खेळतात. अठरापर्यंत तिन्ही खेळू द्यावं असं माझं मत.

जांबोटी_रान

ओ दादा, एक सांगू काय. सराव करा, पण कुठं करूलालात ते बघा. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. परवानगीशिवाय आतल्या वाटांवर सायकल घालायची नाही. पोरं मोबाइलवर नकाशा बघून सरळ आत जाऊलालेत. गवा आडवा आला तर सायकल कुठं वळवणार? अस्वलाचं तर बोलूच नका, आमच्या भागात माणसं जखमी झाल्यात. आवाज न करता वेगाने जाणारी सायकल जनावराला आधी कळतच नाही, ते बिथरतं.

अंधारात, पहाटे एकट्यानं जंगलकडेला जाऊ नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडं जांभ्यावर शेवाळ असतंय, तिथं ब्रेक मारला की संपलं. पावसात गावाकडच्या गाडीवाटा, काजूच्या बागांमधल्या पायवाटा बऱ्या. मालकाला विचारून जा, कुणी नाही म्हणत नाही. भात लावणीच्या दिवसांत बांधावरनं मात्र सायकल घालू नका, बांध फुटतोय.

तवंदी_निपाणी

शहापूरकरांचा मुद्दा पटला तरी एक भर. आपल्याकडे मोठ्या शर्यती व्हायला वेळ लागेल, पण छोट्या आपण करू शकतो. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं तसं माळावर तीन किलोमीटरचा फेरा आखायला काय लागतं? चुना, दोरी, दोन-चार शिट्ट्या, एक रुग्णवाहिका. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी आळीपाळीने. महिन्याला एक झाली तरी पोरांच्या वर्षाला डझनभर शर्यती होतात. रांगा लावा, शॉर्ट ट्रॅक ठेवा, 80 टक्क्यांचा नियम लावा. पोरं गदगला जातील तेव्हा बावरणार नाहीत.

येळ्ळूरवाट (धागाकर्ता)

तवंदीकर, माझ्या मनातलं बोललात! पहिला फेरा येळ्ळूरच्या माळावर आखायची जबाबदारी माझी. जमीनमालकांशी आणि ग्रामपंचायतीशी मी बोलतो. फिजिओताई प्रथमोपचाराला येतील का? लेथभाऊ, हवा तपासायला तुम्ही हवेत.

टिळकवाडी_फिजिओ

येते. पण रुग्णवाहिका ठरल्याशिवाय शिट्टी वाजायची नाही, हे आधीच सांगते.

उद्यमबाग_लेथ

पंप, गेज, सीलंट माझ्याकडून. साखळीच्या कड्या पण आणतो.

खानापूरकर_आई

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा तिच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. रिस्वेड्सचं वाचताना ते काही बोलले नाहीत, पण पाळीचं आणि लोहाचं वाचल्यावर म्हणाले, "तपासणी करून घेऊ." निवड चाचणी दहावीनंतर, असं घरात ठरलं. पोरगी थोडी रडली, मग येळ्ळूरच्या शर्यतीचं सांगितल्यावर सायकल धुवायला गेली. बादलीनेच. तिला कितव्या गटात घालणार आणि सोबत काय काय आणायचं, तेवढं कळवा.

येळ्ळूरवाट (धागाकर्ता)

ताई, सोळाखालच्या मुलींचा गट ठेवतोय, तीन फेऱ्या. हेल्मेट, हातमोजे, दोन बाटल्या पाणी, एक जादा ट्यूब आणि वयाचा दाखला. तिचे बाबा आले तर मदत-जागेत बाटली द्यायला तेच उभे राहतील. पळत्या सायकलवर बाटली हातात द्यायला सराव लागतो, तेव्हा अंगणात दोघांनी आत्तापासून करून बघा. तारीख जमीनमालकांशी बोलणं झालं की इथंच टाकतो.